रॅडनरचं छोटं चर्च आणि आपली मराठी

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला नव्याने राहायला आलेल्या माणसाची पहिली फजिती गावांची नावं वाचताना होते. सात वर्षांपूर्वी साताऱ्याहून इथे आले तेव्हा माझीही झाली. पाटीवरची अक्षरं जुळवून मी ‘उवचलान’ म्हटलं, तर शेजारीण हसून म्हणाली, ‘युक्लन’. बाला किनवुडच्या स्पेलिंगमध्ये तर स्वर शोधूनच काढावा लागतो. ट्रेडिफ्रिन, ब्रिन मार, बर्विन, ग्विनेड... आपण रोज या पाट्यांखालून गाड्या नेतो, इथल्या घरांचे हप्ते भरतो, मुलांना शाळेत सोडतो. पण ही नावं कुठल्या भाषेतली, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही.

मला तो माझ्या मुलीमुळे पडला. गेल्या वर्षी ऑक्टोबरात सासूबाई आल्या होत्या. त्यांना पानांचे रंग दाखवायला म्हणून आम्ही निघालो होतो. मागच्या सीटवरून नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “आई, ट्रेडिफ्रिन मीन्स व्हॉट?” मी पूर्वी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत असे. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणायची वेळ आली, की मला अजूनही चैन पडत नाही. त्या रात्री शोधलं. नाव वेल्श निघालं. ट्रेडिफ्रिन म्हणजे दरीतलं गाव. ब्रिन मार म्हणजे मोठी टेकडी. ब्रिटन बेटाच्या पश्चिमेला वेल्स नावाचा छोटा, डोंगराळ देश आहे. तिथल्या लोकांची भाषा इंग्रजीहून अगदी वेगळी. ते लोक इथे तीनशे वर्षांपूर्वी आले होते आणि त्यांनी बांधलेलं एक चर्च वेन गावाजवळ अजून उभं आहे, हेही त्याच रात्री कळलं. पुढच्याच शनिवारी आम्ही तिघी तिथे जाऊन थडकलो.

त्याचं नाव सेंट डेव्हिड्स. रॅडनरचं जुनं चर्च म्हणून ओळखतात. मोठमोठ्या झाडांखाली, थडग्यांच्या मधोमध एक बुटकी दगडी इमारत. वर उतरतं छप्पर, भिंतीत कमानीच्या खिडक्या. मनोरा नाही, घुमट नाही. वरच्या सज्जात जायला बाहेरच्या बाजूने एक दगडी जिना आहे, जुन्या वाड्याच्या माडीला असावा तसा. सासूबाई दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढंच? आपल्या आळीतला मारुती याहून ऐसपैस बसलाय.”

खरं आहे. पण या ‘एवढंच’मध्ये केवढी गोष्ट दडली आहे, ती सांगायला हा लेख.

वचन मिळालं, पाळलं गेलं नाही

१६८१ साली विल्यम पेनला इंग्लंडच्या राजाकडून पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली. पेन क्वेकर पंथाचा. त्याच पंथाचे काही वेल्श पुढारी त्याला लंडनमध्ये भेटले आणि त्यांनी एक सौदा केला. चाळीस हजार एकरांचा सलग पट्टा आम्हाला दे. तिथे आमचे निवाडे आम्ही आमच्या भाषेत करू, आमचा कारभार आम्ही बघू. पेनने होकार दिला, पण तोंडी. त्या वचनावर विसंबून लोक घरंदारं विकून जहाजात बसले. मेरियन, हॅवरफर्ड, रॅडनर ही त्यांची पहिली गावं. रॅडनर हे वेल्समधल्याच एका परगण्याचं नाव. आपण पुण्यात ‘सातारा रोड’ म्हणतो, तितक्या मायेने ठेवलेलं.

इथे आल्यावर वचन विरत गेलं. पट्ट्यातून काउंटीची हद्द गेली, मोकळ्या जमिनी इतरांना विकल्या गेल्या, कोर्टकचेरी इंग्रजीतून सुरू झाली. वेल्श बोलायला कुणी बंदी केली नव्हती. फक्त घराबाहेरच्या प्रत्येक कामाला इंग्रजी लागू लागली. हे वाचताना मी जरा थांबले. यातलं एकही वाक्य आपल्याला नवीन नाही.

आमच्या भाषेत बोलणारा पाठवा

या वेल्श वस्तीत सगळेच क्वेकर नव्हते. काही जण इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे, म्हणजे अँग्लिकन. त्यांना प्रार्थना मायबोलीतच करायची सवय होती. अँग्लिकन प्रार्थनापुस्तक १५६७ साली वेल्शमध्ये आलं होतं आणि विल्यम मॉर्गनचं संपूर्ण वेल्श बायबल १५८८ साली. ज्ञानेश्वरी हाती असलेल्या माणसाला परक्या भाषेतला हरिपाठ कसा वाटेल, तशी त्यांची गत.

१७०० साली फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चमध्ये इव्हान इव्हान्स नावाचा धर्मगुरू आला. तो मूळचा वेल्श. शहरातलं काम सांभाळून तो घोड्यावरून रॅडनरला येई आणि वेल्शमध्ये प्रवचन करी. लोक सुखावले. मग त्यांनी लंडनच्या मिशनरी संस्थेकडे मागणी लावून धरली: आम्हाला कायमचा धर्मगुरू द्या, आणि तो वेल्श बोलणारा द्या.

ही मागणी साधी वाटते, पण ती पुरी होणं का अवघड होतं ते समजून घेण्यासारखं आहे. अँग्लिकन पद्धतीत धर्मगुरूला दीक्षा देण्याचा अधिकार फक्त बिशपला. आणि संपूर्ण अमेरिकेत एकही बिशप नव्हता. इथल्या एखाद्या तरुणाला धर्मगुरू व्हायचं असेल, तर त्याने जहाजाने लंडन गाठायचं, दीक्षा घ्यायची आणि जिवंत राहिलाच तर परत यायचं. म्हणजे इथे जन्मलेल्या, इथली माती आणि इथली वेल्श दोन्ही जाणणाऱ्या मुलाला गावातच तयार करायची सोय नव्हती. प्रत्येक वेळी सातासमुद्रापलीकडून कुणी येईल म्हणून वाट बघायची.

तरी त्यांनी चर्च बांधायला घेतलं. ९ मे १७१५ रोजी कोनशिला बसली. वेल्सचा संत डेव्हिड, त्याचं नाव दिलं. शेतातले दगड गोळा करून भिंती उभ्या केल्या. सुरुवातीला आत फरशी नव्हती, नुसती मातीची जमीन.

गंमत म्हणजे नेमक्या त्याच काळात, त्याच पंथाचं एक चर्च आपल्या मुंबईत उभं राहत होतं. फोर्टमधलं सेंट थॉमस. ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मगुरू रिचर्ड कॉब याने पुढाकार घेतला आणि १७१८च्या नाताळात ते खुलं झालं. त्या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्चगेट. म्हणजे आयुष्यभर आपण ‘चर्चगेट स्लो’ पकडत होतो, ती ज्याच्या नावाने धावते ते चर्च आणि हे रॅडनरचं चर्च जवळपास एका वयाची भावंडं. पण एक कंपनी सरकारच्या साहेबांसाठी, आणि दुसरं भाषेसाठी आसुसलेल्या शेतकऱ्यांसाठी.

बावीस वर्षं

रॅडनरला पुढे धर्मगुरू मिळत गेले, पण प्रत्येकाला वेल्श येत होतं असं नाही. १७३०च्या दशकात ग्रिफिथ ह्यूज नावाचा एक वेल्श तरुण मिळाला, पण तो काही वर्षांत बार्बाडोस बेटावर निघून गेला. तिथे त्याने निसर्गावर मोठा ग्रंथ लिहिला. ग्रेपफ्रूटचं पहिलं वर्णन त्याच्या १७५०च्या त्या ग्रंथात सापडतं असं मानतात. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचंच लेकरू. सासूबाईंना ही माहिती चर्चच्या इतिहासाहून जास्त आवडली.

मग १७३७ साली विल्यम करी आला. हा स्कॉटिश. तो पुढची एकोणचाळीस वर्षं इथे राहिला. लग्नं लावली, बारसं करावं तशी बाळांना नावं दिली, पिढ्या पुरल्या. कामाला चोख होता. पण वेल्श माणूस नव्हता. वर्षं मोजून बघा. १७१५ला ज्या मंडळींनी मायबोलीसाठी दगड रचले, त्यांनी बावीस वर्षांनी एका स्कॉटिश माणसाला आपला म्हटलं आणि त्याच्याबरोबर एक अख्खा जमाना काढला. म्हणजे ऐकणारेच बदलले होते.

भाषा किती वेगाने हातातून गेली याचा आणखी एक पुरावा पुस्तकांत आहे. अमेरिकेत छापलेलं पहिलं वेल्श पुस्तक फिलाडेल्फियात १७२१ साली निघालं. एलिस प्यू या क्वेकराने आपल्या वेल्श बांधवांना उद्देशून लिहिलेलं. त्याचं इंग्रजी भाषांतर कधी निघावं? १७२७ साली, सहाच वर्षांनी. आणि ते केलं कुणी? रोलंड एलिसने. हा तोच गृहस्थ, ज्याने वेल्समधल्या आपल्या घराचं ‘ब्रिन मार’ हे नाव इथल्या शेताला दिलं होतं. ज्याला गावाची एवढी ओढ, त्यानेच भाषांतर करायला घेतलं, कारण नातवंडांना मूळ पुस्तक वाचता येणार नाही हे त्याला दिसलं असणार. हे कारण माझ्या पदरचं आहे. पण आजीची पत्रं मुलीला इंग्रजीत वाचून दाखवते तेव्हा मला रोलंड एलिस आठवतो.

राजासाठी प्रार्थना

करीची गोष्ट मात्र इथेच संपत नाही. अँग्लिकन प्रार्थनेत इंग्लंडच्या राजासाठी आशीर्वाद मागायचा असतो आणि दीक्षा घेताना धर्मगुरू राजाशी निष्ठेची शपथ घेतो. १७७६ साल उजाडलं. समोर बसलेल्या लोकांची मुलं राजाविरुद्ध लढायला निघालेली. प्रार्थनेत राजाचं नाव घ्यावं तर गावकरी दुखावतात. गाळावं तर शपथ मोडते. करीने दोन्ही केलं नाही. त्याने पद सोडलं. पुढे त्याला विसावाही याच आवारात मिळाला.

आपल्यापैकी अनेकांनी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली आहे. हात वर करून, जुन्या निष्ठा सोडल्याचं म्हणताना पोटात काय होतं हे ज्याने त्याने अनुभवलं आहे. करीला कुणी भेकड म्हणेल, कुणी प्रामाणिक. मला तो एका शब्दाचं वजन ओळखणारा माणूस वाटतो.

युद्धात बंदुकीच्या गोळ्या ओतायला या चर्चच्या खिडक्यांतलं शिसं काढून नेलं असं सांगतात. स्वातंत्र्यानंतर इथल्या अँग्लिकनांना राजाच्या चर्चमध्ये राहणं शक्य नव्हतं. त्यांनी १७८९ साली फिलाडेल्फियातच आपल्या स्वतंत्र चर्चची घटना केली. ‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालचं. राजाच्या जागी आता राष्ट्राध्यक्षांसाठी प्रार्थना आली. ज्या बिशपावाचून रॅडनरकर इतकी वर्षं अडले होते, तो बिशपही अमेरिकेला मिळाला होता. पण तोवर वेल्श धर्मगुरू मागणारं कुणी उरलं नव्हतं.

इथे हाडं, तिथे राख

आवारातलं सर्वांत प्रसिद्ध थडगं जनरल अँथनी वेन यांचं. हेच ते, ज्यांच्या नावाने वेन गाव आहे. जन्म इथून थोड्या मैलांवर पेओलीजवळचा. १७९६ साली ते इथून सुमारे चारशे मैलांवर इरीच्या किल्ल्यात वारले आणि तिथेच पुरले गेले. १८०९ साली मुलगा आयझॅक एक लहानशी घोडागाडी घेऊन वडिलांना घरी आणायला गेला. कबर उघडली तर देह बराचसा शाबूत. गाडीत मावणार कसा? तिथल्या डॉक्टरने देह मोठ्या कढईत उकळून हाडं वेगळी केली. बाकीचं इरीला पुन्हा पुरलं, हाडं रॅडनरला आली. माणूस एक, थडगी दोन. ती कढई इरीत अजून जपून ठेवलेली आहे. काही हाडं वाटेत सांडली आणि दर १ जानेवारीला, आपल्या वाढदिवशी, वेनसाहेब घोड्यावरून ती शोधत फिरतात, अशी दंतकथाही आहे. मुलीने ही गोष्ट शाळेत जाऊन सांगितली आणि दोन दिवस तिचा मोठा भाव वाढला होता.

मला मात्र तिथे आनंदीबाई जोशी आठवल्या. त्या १८८३ साली याच फिलाडेल्फियात वैद्यकी शिकायला आल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला, त्यांना मुलीसारखं मानणाऱ्या कार्पेंटर बाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. वेनची हाडं घराकडे आली. आनंदीबाईंची रक्षा घरून इकडे आली. परदेशी गेलेल्या माणसाचं पूर्ण असं एका जागी काही उरत नाही, हेच खरं.

पाट्या कुणी लावल्या?

आता शेवटची गंमत, आणि तीच मला सगळ्यांत जास्त बोचली. ब्रिन मार, बर्विन, बाला, किनवुड ही गावांची नावं वेल्श लोकांनी ठेवलेली नाहीत! ब्रिन मारचं आधीचं नाव हम्फ्रीजव्हिल. १८६९ साली पेनसिल्व्हेनिया रेलरोडने रोलंड एलिसच्या शेताचं नाव उचललं आणि स्टेशनला दिलं. रीसव्हिलचं बर्विन केलं. कारण काय, तर शहरातल्या श्रीमंतांना जमिनी घ्यायला नावं भारदस्त वाटावीत. भाषा बोलणारी माणसं नाहीशी झाल्यावर कित्येक वर्षांनी तिचे शब्द सजावटीला आले. पुढे लाँगफेलोंनीही १८८०मध्ये या छोट्या चर्चवर कविता केली. इंग्रजीतच.

मग वेल्श भाषा मेली का? अजिबात नाही. वेल्समध्ये २०२१च्या जनगणनेत पाच लाखांहून जास्त लोकांनी ती येते असं सांगितलं. भाषा तिच्या घरी सुखरूप आहे. मुकली ती रॅडनरची घरं.

मला इथे नेमकं काहीतरी सापडलं. आपण कार्यक्रमांत ‘मराठी टिकली पाहिजे’ असं म्हणतो. महाराष्ट्रात कोट्यवधी माणसं मराठी बोलतात. तिच्या टिकण्याचा भार माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर नाही. मराठी शाळेत न जाण्यासाठी रविवारी सकाळी ती पोटदुखीचं सोंग करते तेव्हा मी तिला भाषेच्या भवितव्यावर भाषण देत असे, ते चुकीचंच होतं. तिने मराठी सोडली तर मराठीचं काही बिघडणार नाही. बिघडेल ते तिचं आणि आजीचं.

दुसरी बाजूही बघितली पाहिजे. इथून तासाभरावर लँकेस्टरला आपण सगळे पाहुण्यांना घेऊन जातो. तिथल्या आमिश लोकांचे पूर्वज वेल्श मंडळींच्या पाठोपाठच आले. ते आजही घरात जर्मन बोली बोलतात. त्यांनी लंडनकडून कुणाची वाट पाहिली नाही. धर्मगुरू आपल्यातलेच निवडले आणि बोली स्वयंपाकघरात ठेवली. अर्थात त्यासाठी ते जगापासून वेगळे राहिले. ती किंमत मोजायला मी तयार नाही, तुम्हीही नसाल. पण स्वयंपाकघर तरी आपल्या हातात आहे.

सेंट डेव्हिड्सची मंडळी आज मोठी आहे. शेजारी मोठी नवी वास्तू झाली आहे आणि जुनं छोटं चर्च अजून वापरात आहे. ज्या कारणासाठी ते बांधलं ते कारण गेलं, तरी लोकांनी दगड जपले, ही काही लहान गोष्ट नाही. पण आपण निघालो तेव्हा मागे वळून बघताना मला वाटलं, आपलं उलट व्हावं. आपली वास्तू नसली तरी चालेल. दरवर्षी भाड्याच्या शाळेच्या सभागृहात आपण दिवाळी करतोच आहोत.

परतताना ट्रेडिफ्रिनची पाटी पुन्हा लागली. मुलगी आजीला समजावून सांगत होती, “आजी, ट्रेडिफ्रिन म्हणजे... व्हॅलीमधला गाव.”

“मधला नाही गं, मधलं. गाव ते गाव,” आजी म्हणाल्या. “आणि व्हॅली म्हणजे?”

मुलगी अडली. मी आरशात बघितलं, पण सांगितलं नाही. थोड्या वेळाने आजींनीच विचारलं, “आपल्या घराच्या गच्चीवरून समोर काय दिसतं? डोंगर, आणि खाली?”

“दरी!” ती ओरडली.

सध्या रविवारची पोटदुखी थांबलेली नाही. पण रोज रात्री साडेआठला, म्हणजे तिकडच्या सकाळी, ती आजीला फोन करते आणि दिवसभरात वाचलेल्या एका पाटीचा अर्थ सांगते. आजी चुका काढतात. मी शेजारच्या खोलीत भांडी आवरते आणि मध्ये बोलत नाही.